शून्याला पंचेचाळीस मिनिटं

१

सत्तावीस डॉल्फिन नाहीसे झाले होते आणि त्याची तक्रार घेऊन जायला जगात कुठलीही चौकी नव्हती, म्हणून मला पाठवलं.

चार वर्षांपूर्वी या आखातात एकतीस डॉल्फिन होते. हे मी खात्रीने सांगते, कारण ते मीच मोजले होते. समुद्रावर जाऊन नव्हे, मुख्य कार्यालयातल्या माझ्या टेबलावर, फोटो बघून. डॉल्फिनच्या पाठीवर जो पर असतो त्याच्या कडेला खाचा पडलेल्या असतात, काही जाळ्याने, काही आपसांतल्या भांडणाने. दोघांच्या खाचा कधी सारख्या नसतात. त्या जुळवायच्या, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि शेवटी नकाशावर ठिपके काढायचे, एवढं माझं काम. वीस वर्षं मी हेच करते आहे. ऑफिसात मला मोजणीबाई म्हणतात. मोजणीबाईने जिवंत डॉल्फिन एकदाही पाहिलेला नाही, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

यंदा इथल्या केंद्राने सात महिन्यांत चौदा फेऱ्या मारल्या आणि आकडा पाठवला: चार. तेही लांबून दिसलेले. नदीच्या मुखाशी, जिथे पूर्वी जवळजवळ सगळे असायचे, तिथे चौदाही वेळा शून्य.

आणि गुरुवारी बैठक होती. मोठ्या जहाजांसाठी नदीच्या मुखातला गाळ उपसून खोल वाट काढायची, असा बेत होता. शून्य खरं असेल तर कुणाची हरकत नव्हती. शून्य खोटं असेल, तर आठवड्याभरात ते खरं होणार होतं.

मी सोमवारी दुपारी पोचले. केंद्राचा नावाडी बस थांब्यावर न्यायला आला होता. साठी उलटलेला, कोरडा, ताठ माणूस. सगळे त्याला काका म्हणत. त्याने माझी बॅग उचलली आणि पुढे चालू लागला.

"काका, डॉल्फिन कुठे गेले हो?" मीच विचारलं.

"गेले ते. चार वर्षं झाली."

"का गेले?"

"जाणाऱ्याला कोण विचारतं, बाई?" तो म्हणाला आणि बॅग खोलीत ठेवून निघून गेला.

खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मी बॅग ठेवली. मी नेहमी तसंच करते, म्हणजे दुसरी खाट रिकामी दिसत नाही.

२

केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, जुन्या कौलारू इमारतीत कागदांच्या ढिगामागे बसले होते. छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली होती आणि बादलीवर क्रमांक घातलेला होता. सरकारी माणूस.

"आकडे बोलतात, बाई. मी काय बोलणार?"

"आकडे बोलत नाहीत, सर. बोलतात माणसं, आणि आकड्यांच्या तोंडी घालतात."

ते हसले, पण त्यांचा हात कोपऱ्यातल्या गुंडाळीवर गेला. तो नव्या इमारतीचा आराखडा होता. जहाजांची वाट झाली की बंदरवाले केंद्राला नवी इमारत बांधून देणार होते. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. लपवलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं. चोर सहसा किल्ल्या दाखवत फिरत नाहीत.

गाळ उपसणीचा इंजिनिअर धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसत असे. अहवाल अजून छापलाही नव्हता, पण त्याला शून्य पाठ होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सरांनी. चहा पिता पिता. काही गुपित होतं का?" त्याने माझ्यासमोर नकाशा पसरला. "आणि खरं सांगू? ते शहाणे प्राणी आहेत. इथे बघा, सगळा चिखल. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. ते गेले असणार निळ्या, खोल पाण्यात."

"तुम्ही कुठे राहता?"

"इथेच, बंदराच्या मागे."

"हवा चांगली आहे का तिथे?"

"छे हो. धूळ, आवाज. पण काम इथे आहे ना."

"त्यांचंही तसंच असतं," मी म्हटलं. "नदी चिखल आणते, चिखलामागून मासळी येते. हे डॉल्फिन सहा-सात पुरुष खोलीच्या आतच राहतात. निळं पाणी आपल्याला फोटोत आवडतं."

तो जरासा वरमला. मला तो माणूस आवडला, आणि संशयितांपैकी कुणी आवडलं की मी जास्त सावध होते.

राहिली संशोधिका. तिशीच्या आतबाहेरची, हुशार, जरा जास्तच तत्पर. बोटीवर निरीक्षणाला तीच बसे. पुढच्या वर्षी तिला पक्की नेमणूक मिळायची होती. बोलताना ती सारखी गोळ्या चघळत होती. टेबलावरच्या वाटीत सोनेरी कागदांचा ढीग साचला होता.

"घसा बसलाय," ती म्हणाली. आवाज मात्र खणखणीत होता.

"नदीच्या मुखाशी तुम्ही स्वतः बघत होता?"

"म्हणजे काय. शून्य म्हणजे शून्य."

तिने हे माझ्याकडे बघून म्हटलं नाही. वाटीतले कागद गोळा करता करता म्हटलं.

३

संध्याकाळी मी चौदा फेऱ्यांची पानं मागून घेतली आणि खोलीत पसरली. माझं जेवण झाकून आणून ठेवलं होतं. ते मी एका हाताने खाल्लं. बरोबर कुणी नसलं की माणसाला वाचत जेवता येतं, एवढा एक फायदा आहे.

पद्धत सोपी असते. आखातावर आठ समांतर रेघा आखलेल्या असतात, सगळ्या सारख्या लांबीच्या. बोट एका वेगाने प्रत्येक रेघेवरून जाते. रेघ सुरू झाली की वेळ लिहायची, संपली की लिहायची, आणि मधे जे दिसेल ते नोंदवायचं. डॉल्फिन दिसले तर बोट थांबवून फोटो काढायचे. आठवी रेघ नदीच्या मुखातून जाते.

मी वीस वर्षं समुद्रावर लिहिलेलं अक्षर वाचते आहे. ते ओळखू येतं. लाट आली की वेलांटी घसरते, मात्रा उडते. हिचं अक्षर पहिल्या रेघेपासून तसंच होतं, आणि सातव्या रेघेला तर अगदी कोंबडीचे पाय. एकेका रेघेवर तिने सगळं टिपलं होतं: तीन पाणपक्षी, एक जेलीफिश, तरंगती चप्पल. आणि आठव्या रेघेवर, जिथे नदी आणि भरती एकमेकांना भिडतात आणि बोट सर्वांत जास्त हलते, तिथे एकच शब्द, 'शून्य'. शाळेच्या फळ्यावर काढावा तसा गोल, सुबक. पक्षी नाही, चप्पल नाही. चौदाच्या चौदा वेळा.

हे बोटीवर लिहिलेलं नव्हतं. धक्क्याला लागल्यावर लिहिलेलं होतं.

म्हणजे ती तिथे गेलीच नाही? बोट परस्पर घरी वळायची? मी वेळांचे रकाने बघितले. इथे मात्र अंक वेडेवाकडे होते, म्हणजे जागेवरच लिहिलेले. पहिल्या रेघेला वीस मिनिटं. दुसरीला वीस. तिसरीला एकवीस. सातवीपर्यंत असंच. आठवीला पंचेचाळीस. पुढच्या फेरीत पन्नास. त्यापुढच्या फेरीत बेचाळीस.

मी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. बोट तिथे गेली होती. नुसती गेली नव्हती, थांबली होती. आणि बोट एकाच कारणासाठी थांबवतात.

काही न दिसायला पंचेचाळीस मिनिटं कशी लागतात?

४

मंगळवारी सकाळी मी संशोधिकेला टेबलावर ती पानं दाखवली. आधी सातवी रेघ, मग आठवी. तिने तोंडातली गोळी कागदात गुंडाळून ठेवली.

"आल्याची आहे," ती म्हणाली. "घशासाठी नाही. मला बोट लागते."

"किती?"

"सहाव्या रेघेपासून ओकाऱ्या. आठवीला शुद्ध नसते. गोळी घेते, त्याने झोप येते. खाली फळीवर आडवी होते." तिचे डोळे भरून आले. "समुद्राची संशोधिका आणि समुद्र सोसत नाही. कुणाला सांगू? घरी आई सगळ्यांना सांगते, आमची लेक समुद्र पालथा घालते."

"मग शून्य कुणी बघितलं?"

"काकांनी. रेघ सुरू होताना आणि संपताना ते मला उठवतात, मी घड्याळ बघून वेळ लिहिते. धक्क्यावर आलो की विचारते, काका, काय दिसलं? ते म्हणतात, काही नाही. मी लिहिते." तिने गोळीचा कागद मुठीत चुरगळला. "ते कधी खोटं बोलत नाहीत हो. ते मुळी बोलतच नाहीत."

"बोट पंचेचाळीस मिनिटं थांबायची, हे तुम्हाला कळलं नाही?"

"थांबायची?" तिने माझ्या हातातून पान ओढून घेतलं. वेळा तिने स्वतःच लिहिल्या होत्या, प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या, आणि त्यांची वजाबाकी मात्र कधी केली नव्हती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो वाईटच आला. नावाड्याला कुणीतरी फितवलं. गाळ उपसायला माहितगार माणूस लागतो, इंजिनिअरने नोकरीचं गाजर दाखवलं असेल. गरीब माणूस, म्हातारपण समोर. मी तरातरा धक्क्यामागच्या त्याच्या शेडकडे गेले.

दार उघडं होतं. तो नव्हता. आत तेलाचा वास, एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीला बाईमाणसाची जुनी छत्री. आणि समोरच्या भिंतीभर दोरी बांधून त्यावर पत्र्याचे तुकडे टांगलेले, तेलाच्या डब्यांतून कापलेले, तळहाताएवढे, एका बाजूला वळलेले. वाऱ्याने ते एकमेकांवर वाजत होते.

मी तिसऱ्या तुकड्याशी थबकले. मागच्या कडेला दोन खाचा, खाली एक भोक. हा मला पाठ होता. क्रमांक सहा.

५

मी ते एकेक करून बघत गेले. फोटो बरोबर नव्हते, पण मला त्यांची गरज नव्हती. सहा. अकरा. दोन. सतरा, ज्याचं टोक मोडलेलं आहे. भिंतीवर एकोणतीस पर होते. चोवीस माझ्या यादीतले. पाच मला अनोळखी, लहान, एखाद्दुसऱ्याच खाचेचे. म्हणजे चार वर्षांपूर्वीची पिल्लं वाढली होती.

"तिसाव्याला हात लावू नका," मागून आवाज आला.

काका दारात उभा होता. खाटेच्या उशाशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते स्वतःच उचललं आणि उलगडलं. या पराच्या बुडाशी एकच, ओळखीची खाच होती. वरून तो मधोमध आडवा कापलेला होता.

"ही नऊ नंबर," मी म्हटलं. "पण हिचा पर तर अख्खा होता."

"तुमच्या फोटोत अख्खा होता." तो खाटेवर बसला. "तुम्हीच ना तो नकाशा काढलात? लाल ठिपक्यांचा?"

"हो."

"पेपरात आला. दुसऱ्या रविवारी चाळीस होड्या. लोक पैजा लावायचे कोण जवळ नेतो. तिसऱ्या रविवारी हिला होडीच्या इंजिनाचा पंखा लागला. पिल्लू बाजूला होतं. ते दोन दिवस तिच्यापासून हललं नाही." तो सावकाश, नीट बोलत होता, बऱ्याच दिवसांत न वापरलेली गोष्ट वापरावी तसा. "मग मी म्हणायला लागलो, गेले सगळे. नावाडीच म्हणतोय म्हटल्यावर लोकांना पटलं. इथे चिखल, वरून दिसतंय काय? होड्या बंद झाल्या."

मला बसायला दुसरी जागा नव्हती. मी उंबऱ्यावर बसले. माझ्या कामाबद्दल मला वीस वर्षांत कुणी शिवी दिली नव्हती, शाबासकीही दिली नव्हती. आणि इथे माझा एक ठिपका पत्र्यात कापून उशाशी ठेवलेला होता. मला लाज वाटली.

"म्हणून तुम्ही बोटीवरच्या बाईंना शून्य सांगत राहिलात."

"पुन्हा नकाशा निघणार होता ना. ती झोपलेली असायची. मी इंजिन बंद करायचो. ते यायचे जवळ. अर्धा-पाऊण तास." तो पहिल्यांदा हसला. "बायको गेल्यापासून तेवढीच भेटगाठ. परत आलो की पत्रे ताडून बघायचो, कोण आलं, कोण राहिलं."

"काका, यंदाचा नकाशा कशासाठी निघतोय, माहीत आहे तुम्हाला?"

"पर्यटनासाठी. आणखी कशाला?"

"जहाजांच्या वाटेसाठी. नदीचं मुख उपसणार आहेत. तिथे डॉल्फिन नाहीत म्हणून. तुमच्या शून्यामुळे."

पत्रे वाजत राहिले. त्याच्या चेहऱ्यावरचं मला लिहायचं नाही.

"हे मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "सर, साहेब, सगळे माझ्याच बोटीत बसून जातात. मला नुसतं म्हणतात, चला आणि थांबा."

हाच तो गुन्हा. सात महिने चार माणसं एका धक्क्यावर वावरत होती. त्यांतल्या एकीने आजार लपवला, एकाने प्रेम लपवलं, बाकी दोघांना दाराबाहेर बसलेल्या माणसाला काही सांगावं असं सुचलंच नाही. काखेत कळसा होता आणि आम्ही सगळे गावाला वळसा घालत होतो.

"गुरुवारी मी पत्रे दाखवीन की," तो उठत म्हणाला.

"पत्रा साक्ष देत नाही, काका. फोटो लागतील. आपल्या हातात फक्त उद्याचा दिवस आहे."

६

बुधवारी उजाडताना बोट निघाली. संशोधिका पुढे बसली, गळ्यात कॅमेरा, मांडीत बादली. "लपवायचं काही उरलं नाही, तर निदान ओकता तरी येतंय मोकळेपणाने," ती म्हणाली. सर आणि इंजिनिअर दोघांनाही मी बरोबर घेतलं होतं. काकाने मला त्याच्या शेजारी, सुकाणूपाशी उभं केलं.

नदीच्या मुखाशी पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्याने इंजिन बंद केलं. पाच मिनिटं काही नाही. दहा. इंजिनिअरने घड्याळ बघितलं. मला वाटलं, इतकी वर्षं आपण फोटोंतल्या सावल्याच मोजल्या.

मग कुणीतरी श्वास सोडला. अगदी जवळ, ओला, थकलेल्या माणसासारखा. मी वळले. राखाडी पाठ, वर पर, दोन खाचा आणि एक भोक.

"सहा," मी म्हटलं. आणि मी रडले, सरळ सगळ्यांसमोर. क्रमांक श्वास घेतात, हे मला वीस वर्षांत ठाऊकच नव्हतं.

"त्याला आम्ही आळशी म्हणतो," काका म्हणाला. आम्ही म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. छत्री आठवली.

संशोधिका ओकत होती आणि फोटो काढत होती. सकाळ-दुपार मिळून सव्वीस पर टिपले गेले, आणि सव्वीसही त्या दोरीवर होते. सर काठाला धरून ओठांतल्या ओठांत मोजत होते. इंजिनिअर परतताना एवढंच म्हणाला, "उत्तरेकडून वाट काढता येईल. खडक आहे, काम लांबेल. पण येईल."

संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसले. संशोधिकेने स्वतः येऊन चौदा शून्यांवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: निरीक्षक आजारी, निरीक्षण झाले नाही. खाली सही केली. नेमणुकीचं काय होईल, ते तिने विचारलं नाही.

ती गेल्यावर काका दारात आला. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच उभा राहिला.

"जहाजं टळतील. पण ठिपका पुन्हा निघणार ना?"

"ठिपक्याशिवाय बैठक ऐकणार नाही. पण मी अट घालणार आहे. नदीच्या मुखात कुठलीच होडी नको."

"किती लांबपर्यंत?"

"एक किलोमीटर."

"दोन करा. आवाज लांब जातो."

मी दोन लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "काका, कुठलीच होडी नको म्हणजे तुमचीही नको. ती फक्त मोजणीला जाईल, वर्षातून दोनदा. सूट मागितली तर दुसऱ्या दिवशी चाळीस जण मागतील."

"कळतंय मला."

"वल्ह्याच्या होडीचं काहीतरी लिहू का?"

"तिथल्या ओढीत वल्हं मारायचं वय राहिलं नाही, बाई." त्याने दाराची चौकट धरली. "लिहा तुम्ही. मी खोटं बोलून त्यांना जवळजवळ मारलंच होतं. आता खरं बोलून लांब राहतो, झालं."

मी लिहिलं. इतकं साधं वाक्य लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. गुरुवारी बैठकीने ते शब्दशः मान्य केलं, वाट उत्तरेला सरकली, आणि सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

शुक्रवारी काकाने पुन्हा माझी बॅग बस थांब्यापर्यंत आणली. बस यायला वेळ होता.

"मोजणीला तुम्ही येणार ना?" त्याने विचारलं. "का पुन्हा टेबलावरूनच?"

"येणार."

"तारखा सांगून ठेवा."

मी सांगितल्या. एक हिवाळ्यातली, एक उन्हाळ्यातली. त्याने खिशातून पत्र्याचा कोरा तुकडा आणि खिळा काढला, बाकावर बसून त्या दोन तारखा त्यावर कोरल्या, आणि पत्रा परत खिशात ठेवला. बस आली तेव्हा मी शेजारची जागा बॅग न ठेवता तशीच राहू दिली.